लोंबता दोरा

ठकूच्या आईला सगळी गल्ली टेलरबाई म्हणायची. आपल्या हाताखालून गेलेल्या कपड्यात एक लोंबता दोरा दाखवून द्या, असं ती भल्याभल्यांना सुनवायची आणि कोणाला तो कधी सापडायचा नाही. सापडणार कसा? कपडा गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी ठकूच्या हातून जायचा. ठकू आठ वर्षांची होती आणि तिची नजर घारीची होती. अगदी लहानपणापासून आईने तिला एकच धडा दिला होता: दोरा लोंबताना दिसला की सोडायचा नाही. कॉलरला दिसो, काजाला दिसो, समोर बसलेल्या माणसाच्या बाहीला दिसो, ठकूची चिमटी तिथे पोचलीच म्हणून समजा. एकदा तर बसमध्ये पुढच्या बाकावरच्या अनोळखी आजोबांच्या कोटाचा दोरा तिने अलगद काढला आणि आजोबांना पत्ताही लागला नाही.

तिचं खरं कसब मात्र कच्च्या टाक्यांत होतं. मशीनवर पक्की टीप मारण्याआधी कापड सरकू नये म्हणून आई हाताने मोठेमोठे पांढरे टाके घालायची. टीप मारून झाली की ते काढून टाकायचे. चांगल्या मोठ्या बायका हे काम दोरा तोडत, तुकडे उपसत करतात. ठकू एका टोकाची गाठ कापायची, दुसरं टोक चिमटीत धरायची आणि अशा काही बेताने ओढायची, की सबंध दोरा एका दमात सळकन बाहेर. आईला त्याचं इतकं कौतुक, की गिऱ्हाईक बसलेलं असलं की मुद्दाम हाक मारायची, "ठकू, त्या बाहीचा कच्चा दोरा काढ गं." आणि मग मशीन थांबवून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बसायची.

घरात मांजर आली ती बाबांच्या कोटाच्या खिशातून. बाबा बेकरीत रात्रपाळीला होते. पिठाच्या गोदामात कोणीतरी टाकून दिलेलं पिल्लू त्यांनी सकाळी घरी आणलं, कापडाच्या ढिगावर ठेवलं आणि बायको काय म्हणते ते ऐकायला न थांबता झोपायला निघून गेले. पिल्लू ढिगावर गोल वळकटी करून झोपलं, एवढंसं, वाटोळं. ठकू म्हणाली, "आई, गुंडीच आहे ही!" तेव्हापासून ती गुंडी.

आता टेलरबाईचा स्वभाव असा, की माप घेतल्याशिवाय ती कापडाला कात्री लावत नसे. मग मांजर काय अशीच सोपवणार मुलीच्या हाती? तिने ठकूला समोर बसवलं आणि चांगली तासभर शिकवणी घेतली. गुंडी जेवत असली की हात लावायचा नाही. झोपली असली की उचलायची नाही. शेपूट सटासट आपटायला लागली, कान मागे गेले, की तिचं तुझ्याशी खेळून झालं, तुझं झालं नसलं तरी. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. बाहुलीसारखं काखोटीला मारायचं नाही. पाण्याची वाटी रोज धुवायची, वाळूचा डबा रोज साफ करायचा आणि त्यानंतर साबणाने हात, कोपरापर्यंत. ठकू मान डोलवत होती. खरं सांगायचं तर तिने हे सगळं मनापासून पाळलं. वाळूच्या डब्याला नाक मुरडलं, पण टाळाटाळ केली नाही. मुलांच्या हाती मांजर दिली की मोठ्यांच्या गळ्यात येते, असा बाबांचा अनुभव होता. तो ठकूने खोटा पाडला.

त्या शिकवणीच्या शेवटी मात्र आई एक वाक्य बोलून गेली. "आणि हे लक्षात ठेव, ठकू. हे खेळणं नाही. तुझ्या हातून तिला एकदा जरी काही झालं, तर दुसऱ्या दिवशी गुंडी मावशीकडे. समजलं?" मावशी लांब राहायची, तिथे जायला दिवस मोडायचा. आयांना असं बोलायची सवयच असते. बोलतात, मोकळ्या होतात आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातात. ही आईही विसरली.

त्या आठवड्यात शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमाचं काम आलं होतं. सगळ्या मुलींना सारखेच फ्रॉक, आणि प्रत्येकाला खाली दुहेरी झालर. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्चीवर फ्रॉक, दारामागे फ्रॉक, बाबांच्या पांघरुणावरसुद्धा फ्रॉक. आई मशीनवरून उठत नव्हती. ठकू शाळेतून आली की जमिनीवर मांडी घालून कच्चे दोरे काढायची आणि तिच्या बाजूला त्या पांढऱ्या दोऱ्यांचा ढीग वाढत जायचा.

त्या ढिगावर गुंडीने जीव टाकला. एक दोरा हलवला की ती दबा धरून बसायची, मागचा भाग डुलवायची आणि अशी काही झेप घ्यायची, की स्वतःच कोलांटी खाऊन पलीकडे पडायची. ठकू हसून हसून बेजार. कामाने पाठ मोडलेल्या आईलाही हसू आवरेना. एकदा तर मशीनवर बसल्या बसल्या तिनेच एक लांबसा दोरा खाली सोडला आणि गुंडीला नाचवलं. "बघ बघ, कशी नाचते भवानी!" म्हणाली. घरभर सुई-दोरा, त्यात आयुष्य गेलेलं. दोऱ्यात भिण्यासारखं काही असतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन दिवसांनी गुंडीने सकाळी वाटीला तोंड लावलं नाही. आईला वाटलं, उंदीरबिंदीर खाल्ला असेल. दुपारी गुंडी ओकली. मग पुन्हा ओकली, नुसतं फेसाळ पाणी. त्यानंतर ती कापडाच्या गाठोड्यामागे जाऊन बसली, पाय पोटाखाली घेऊन, पाठ वर काढून, आणि हाक मारली तरी कान हलवेना.

"ठकू, काही खाल्लं का गं हिने? तू काही दिलंस का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग काही पाहिलंस का?"

"मला काय माहीत," ठकू म्हणाली आणि हातातल्या फ्रॉकवर मान खाली घातली.

तिनेही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे आईच्या लक्षात आलं. पण मांजरीच्या काळजीने पोर सुकली असेल, असा तिने अर्थ लावला. अर्थ अगदीच चुकीचा नव्हता. अर्धाच होता.

आईने मशीनवर झाकण टाकलं. बाबांना हलवून उठवलं. झालरींचे फ्रॉक त्यांच्या ताब्यात दिले आणि बजावलं, "गाण्याच्या बाई आल्या तर सांगा, उद्या. आणि फ्रॉकवर झोपू नका." मग झाकणाच्या टोपलीत जुना टॉवेल घालून गुंडीला आत ठेवलं आणि दोघी मायलेकी जनावरांच्या दवाखान्याकडे निघाल्या. एरवी रस्त्याने ठकूच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. आज टोपलीच्या एका कडीला धरून ती मुकाट चालत होती.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि हाताने हळुवार. त्यांनी गुंडीचं पोट चाचपलं. गुंडी कण्हली, तसा ठकूने डोळ्यांवर हात घेतला. मग आतल्या खोलीत नेऊन त्यांनी गुंडीच्या पोटाचा एक्स-रे काढला आणि तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"सुई नाही, हाड नाही. तसलं काही असतं तर यात दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आतडी जरा विचित्र दिसतायत. हिने एखादा दोरा, सुतळी, रिबीन असलं काही गिळलंय का? ते या फोटोत दिसत नाही."

"छे, माझ्या घरी दोरा इकडचा तिकडे होत नाही," आई ताडकन म्हणाली. "मी टेलर आहे, डॉक्टरबाई. माझी प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते."

तोंडातून शब्द निघून गेले आणि तिच्या डोळ्यांपुढे तो पांढरा ढीग उभा राहिला. तिने ठकूकडे पाहिलं. ठकू भिंतीला चिकटून उभी होती. तिचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा पडला होता आणि उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर नुसता घासत होता, घासत होता.

आईला कळून चुकलं. पोरीला ठाऊक आहे.

"मला हे कळणं फार गरजेचं आहे," डॉक्टरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "साधं पोट बिघडलं असेल तर औषध देऊन मी उद्यापर्यंत वाट बघेन. पण दोरा असेल, तर वाट बघण्यात ती हातची जाईल. आजच पोट उघडावं लागेल. आणि उगाच उघडणंही बरं नाही, एवढीशी तर आहे."

"ठकू," आई म्हणाली.

ठकू भिंतीला आणखीच चिकटली.

आईला राग आला. खोटं कशाला सांगा, चांगलाच आला. हात धरावा, खडसावून विचारावं, एक ठेवून द्यावी, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. तिने ठकूचा दंड धरलाही. ठकूने अंग चोरलं. आठ वर्षांची पोर, घारीच्या नजरेची, चुरूचुरू बोलणारी, जिने आजवर फुटलेली बशीसुद्धा लपवली नव्हती, ती समोर मांजर मरायला टेकली असताना गप्प का राहील? एवढं कशाला भ्यायली असेल? आणि मग आईला आपलंच वाक्य आठवलं.

"डॉक्टरबाई, दोनच मिनिटं," ती म्हणाली आणि ठकूला घेऊन बाहेरच्या बोळात आली. तिथे एक बाक होतं. आईने ठकूला बाकावर बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसली. पोरीकडे वर मान करून बघायची तिला सवय नव्हती.

"ठकू, ऐक. गुंडी मावशीकडे जाणार नाही."

ठकूने पहिल्यांदाच मान वर केली.

"तू काहीही सांगितलंस तरी नाही. तुझी चूक असली तरी नाही. मोठी चूक असली तरी नाही. ती आपल्याच घरी राहील."

"तू तर म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. नको ते बोलले मी. शिकवायला निघाले होते आणि भीती घालून बसले. आणि आणखी एक सांगू? त्या दिवशी मशीनवरून दोरा सोडून तिला कोणी नाचवलं? मीच ना?"

ठकूने फ्रॉकच्या खिशात हात घातला, खिशाच्या अगदी तळाशी, आणि मूठ बाहेर काढली. मूठ उघडली. आत एक पांढरा दोऱ्याचा तुकडा होता, घामाने ओला, गोळा झालेला.

"एवढाच आला," ती म्हणाली.

आणि मग बांध फुटला. हुंदक्यांमधून आईला जे काही कळलं, ते असं. काल सकाळी शाळेत जाताना ठकूला गुंडीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून दोरा लोंबताना दिसला. कच्चा दोरा. तिने तो चिमटीत धरला आणि नेहमीसारखा बेताने ओढला. तो येईना. आणखी जरासा ओढला, तशी गुंडी कधी ओरडली नव्हती तशी ओरडली आणि उसळून पळाली. तुकडा ठकूच्या हातात राहिला. उरलेला आत.

"तूच म्हणतेस ना, लोंबता दोरा सोडायचा नाही म्हणून!" ठकू रडत म्हणाली. त्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

आईने तिला पोटाशी धरलं. "हो गं बाई. मीच म्हणते," ती म्हणाली. पोरीच्या केसांत तोंड लपवून ती क्षणभर तशीच बसली, कारण तिचेही डोळे भरून आले होते आणि दवाखान्याच्या बोळात रडायची ही वेळ नव्हती. मग तिने तो तुकडा हातात घेऊन सरळ केला. एका टोकाला कात्रीचा स्वच्छ काप होता. दुसरं टोक पिंजलेलं. ती कच्चा दोरा नेहमी हातभर तरी घ्यायची; हा वीतभरही नव्हता.

"चल. आता हे तू डॉक्टरबाईंना सांगायचंस. मी शेजारी उभी राहते."

ठकूने सांगितलं. डोळे पुसत, अडखळत, पण सगळं सांगितलं; कधी दिसला, कुठे दिसला, कितीसा आला. डॉक्टरबाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी गुंडीचं तोंड उघडलं, हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर उचलली आणि म्हणाल्या, "हा बघा."

जिभेच्या मुळाशी, अगदी आत, पांढऱ्या दोऱ्याचा फास पडला होता. मांसात रुतला होता.

"मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात," त्या ठकूला समजावू लागल्या. "दोरा एकदा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही, ती गिळतच जाते. हिचा दोरा इथे जिभेखाली अडकलाय आणि उरलेला आतड्यात गेलाय. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं. पण दोरा इथे बांधलेला. तो काही पुढे जात नाही. मग आतडंच त्या दोऱ्यावर..."

"चुण्या पडतात," आई एकदम म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"आम्ही झालर अशीच करतो," आई म्हणाली. "एका टोकाला गाठ मारायची आणि दुसरं ओढायचं. मग कापड दोऱ्यावर गोळा होत जातं."

"अगदी तसंच होतं."

"आणि जास्त ओढलं तर कापड..." आईने वाक्य अर्धंच सोडलं. पण ठकू टेलरबाईची मुलगी होती. जास्त ओढलं तर कापडाचं काय होतं, ते तिला सांगायला नको होतं.

"मी फाडलं का तिचं आतडं?" तिने विचारलं.

मग डॉक्टरबाई खाली वाकल्या आणि ठकूच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "ते मला आत बघितल्यावर कळेल. तुला खोटं नाही सांगणार. पण दोरा अडल्यावर तू जोर लावलास का?"

"नाही. जरासाच ओढला. अडला की जोर लावायचा नाही. कापड आकसतं."

"मग आशा आहे. आणि तू आत्ता सांगितलंस, म्हणून मी आत्ताच काम सुरू करू शकते. उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं."

गुंडीला आत नेलं. दार बंद झालं. मायलेकी बाकावर बसल्या. समोरच्या भिंतीवर पंखा घरघरत होता आणि कोणाचा तरी पोपट पिंजऱ्यात एकसारखा शीळ घालत होता. त्या शिळेचा आईला इतका वैताग आला, की पोपटाच्या मालकाला चार शब्द सुनवावेत असं तिला वाटलं. पण मालकही बिचारा रडवेल्या तोंडाने बसला होता, म्हणून ती गप्प राहिली.

"आई, मग लोंबता दोरा ओढायचा की नाही?" ठकूने विचारलं.

"कापडाचा ओढायचा. कापडाला दुखत नाही, आणि चुकलं तर मी उसवून परत शिवीन. जीव असलेल्याच्या अंगातून काहीही बाहेर आलेलं दिसलं, तोंडातून, शेपटीखालून, कुठूनही, तर हात मागे. आणि आधी मला हाक मारायची."

"तू मशीनवर असलीस तरी?"

"मशीनवर असले तरी."

"गिऱ्हाईक असलं तरी?"

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात," आई म्हणाली. एवढ्या दुःखातही ठकूला फिस्सकन हसू आलं. आईच्या तोंडी हे वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. डॉक्टरबाईंनी टोपी काढली होती आणि केस कपाळाला चिकटले होते. बाई काही बोलायच्या आतच ठकूने आईचा हात इतका आवळला, की बांगडी रुतली.

"फाटलं नव्हतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फार चुरगळलं होतं, पण फाटलं नव्हतं. दोरा सगळा निघाला. आता दोन-तीन दिवस जपायचं."

आईच्या जिवात जीव आला. ठकूने काय करावं? ती सरळ डॉक्टरबाईंच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली आणि त्यांचा पांढरा कोट नाकाने पुसून काढला.

गुंडी घरी आली ती टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती मोठं नरसाळं घालून. दाराला धडक, खुर्चीला धडक, बाबांच्या पायाला धडक. बाबा म्हणाले, "ही आता रेडिओ पकडणार." तिच्या पोटावरचे केस भादरले होते आणि गुलाबी कातडीवर काळ्या टाक्यांची ओळ होती. टेलरबाईने ती ओळ पहिल्यांदा पाहिली, तेव्हा डोळे पुसता पुसता म्हणाली, "टाके सारखे घातलेत हं डॉक्टरबाईने." तिच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळत नसे.

घराची घडीही बदलली. कच्चा दोरा निघाला की तो थेट झाकणाच्या डब्यात. ही सूचना ठकूची आणि पहारा बाबांचा. मशीन बंद केलं की खोली झाडायची, कितीही कंटाळा आलेला असो. ठकू गुंडीला औषध द्यायला आईला मदत करायची. एरवी ती लांबच बसायची आणि गुंडीला यायचं असेल तर येऊ द्यायची. गुंडी बहुतेक वेळा यायची नाही. नरसाळ्यामुळे ती सगळ्या जगावर रुसली होती. ठकूला वाईट वाटायचं, पण ती पाठीमागे लागली नाही.

मग एके दिवशी दुपारी गाण्याच्या बाई फ्रॉक न्यायला आल्या. त्या एकेक फ्रॉक उलटसुलट करून बघत होत्या आणि टेलरबाई एका फ्रॉकच्या कमरेत टाचण्या लावत होती. तोच ठकू आतून आली. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले.

"आई, गुंडीच्या टाक्यातून एक दोरा वर आलाय. मी हात लावला नाही."

आईने तोंडातल्या टाचण्या बाजूला काढल्या आणि गाण्याच्या बाईंना "आलेच" एवढंसुद्धा न म्हणता ती आत धावली. गुंडी टॉवेलवर आडवी पडली होती. शेवटच्या टाक्याच्या गाठीतून एक काळं टोक मोकळं होऊन वर आलं होतं आणि तिच्या श्वासाबरोबर हलत होतं. आई खाली बसली. नीट दिसावं म्हणून वाकली. आणि वाकल्या वाकल्या तिचा हात पुढे गेला. अंगठा आणि बोट जुळली. जन्मभराची सवय, तिला पत्ताही नव्हता.

"आई! हात!"

ठकूने तिचं मनगट पकडलं होतं, दोन्ही हातांनी. आईने आपल्या चिमटीकडे पाहिलं. त्या काळ्या टोकापासून ती बोटभरही लांब नव्हती. तिने हात झटकन मागे घेतला.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले. रक्त आहे का, सूज आहे का, जखम उघडली आहे का. नव्हती. "मग गाठीचंच टोक आहे ते, राहू दे तसंच," त्या म्हणाल्या. "हात लावू नका. वेळ आली की मीच काढीन."

दोघी टॉवेलशेजारी जमिनीवर बसल्या, हात आपापल्या मांडीवर ठेवून. बाहेर गाण्याच्या बाई खाकरत होत्या. त्या काळ्या टोकाकडे बघून आईची बोटं अजूनही शिवशिवत होती आणि तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

"आई," ठकू म्हणाली.

"काय गं?"

"मी नसते आणि तू चुकून ओढला असतास, तर मला सांगितलं असतंस?"

या पोरीला आता वरवरचं उत्तर द्यायचं नाही, एवढं आईने ठरवलं होतं. तिने मनात ते सगळं उभं करून पाहिलं: ओढलेला दोरा, ओरडलेली गुंडी, शाळेतून घरी येणारी ठकू.

"सांगितलं असतं," ती शेवटी म्हणाली. "पण फार भीती वाटली असती. कदाचित आधी थोडा वेळ लपवूनही ठेवलं असतं."

ठकूने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"नको लपवत जाऊ," ती म्हणाली. "मी नाही रागावणार तुला."